कॅनापोलिसची गिरणी आणि १३० आठवड्यांची मदत

३० जुलै २००३ रोजी पिलोटेक्स या अमेरिकन कंपनीने आपल्या गिरण्या कायमच्या बंद केल्या. टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे बनवणारी ही कंपनी. जवळपास ७,६५० लोकांचं काम गेलं, बहुतेकांचं त्याच दिवशी. उत्तर कॅरोलायना राज्यात एका कंपनीने एका झटक्यात केलेली ही तोवरची सर्वांत मोठी कपात होती. यातले निम्म्याहून जास्त कामगार कॅनापोलिस या एका गावाच्या आसपासचे, कॅबारस आणि रोवन या लागून असलेल्या दोन काउंट्यांतले, म्हणजे जिल्ह्यांतले, होते.

परदेशी मालामुळे काम गेलेल्या कामगारांसाठी अमेरिकेत खास कायदा होता. त्या योजनेचं नाव ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स, बोलताना टीएए. गिरणी बंद पडायच्या आदल्याच वर्षी, २००२ साली, अमेरिकन काँग्रेसने ही योजना बरीच वाढवली होती: भत्ता जास्त आठवडे, प्रशिक्षणाला दुप्पट पैसा, आरोग्य विम्याला मदत. त्यामुळे कॅनापोलिसच्या कामगारांना जे मिळू शकत होतं, ते त्यांच्या आधीच्या पिढीतल्या कोणत्याही गिरणी कामगाराला मिळालं नव्हतं. तरीही या मदतीने त्यांतल्या फार थोड्यांचं आयुष्य पूर्वपदावर आलं. असं का झालं, हे नीट पाहण्यासारखं आहे. माझं म्हणणं असं की पैसा कमी पडला हे त्याचं मुख्य कारण नव्हे. मदत ज्या कामगाराच्या मापाने बेतली होती, तो कामगार कॅनापोलिसमध्ये फारसा नव्हताच.

गिरणीचं गाव

जेम्स विल्यम कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शेतजमीन विकत घेऊन इथे गिरणी उभारली आणि गिरणीभोवती गाव वसवलं. घरं कंपनीची, भाडं नाममात्र. त्यांचा मुलगा चार्ल्स कॅनन याने १९२१ पासून १९७१ साली मरेपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, कंपनीचा आणि गावाचा कारभार पाहिला. कॅनापोलिसला १९८४ पर्यंत नगरपालिकाच नव्हती. हजारो लोकवस्तीचं गाव, पण कागदोपत्री ते गाव नव्हतं, ती कंपनीची मालमत्ता होती.

अशा गावात मुलं दहावीच्या आधीच शाळा सोडून गिरणीत लागत, कारण बापाने, आईने, आजोबांनी तेच केलं होतं आणि त्यांचं बरं चाललं होतं. लूमवर किंवा शिलाई खात्यात वीस-तीस वर्षं काढलेल्या बाईला शाळेच्या दाखल्याची गरज कधी पडली नव्हती. मालकाच्या दृष्टीने तिचा अनुभव हीच तिची पात्रता होती. गिरणी बंद झाली त्या दिवशी या पात्रतेची बाजारातली किंमत शून्य झाली. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे.

मालकी बदलत गेली. १९८२ मध्ये डेव्हिड मर्डॉक या उद्योगपतीने कॅनन मिल्स विकत घेतली, काही वर्षांत ती फील्डक्रेस्ट कंपनीला विकली. मधल्या काळात कामगारांची पेन्शन योजना गुंडाळून तिच्या जागी एक्झिक्युटिव्ह लाइफ या विमा कंपनीची वर्षासनं घेतली गेली. १९९१ मध्ये ती विमा कंपनीच बुडाली आणि निवृत्त कामगारांच्या हातात काही काळ कापलेली पेन्शन पडली. युनियन यायला तर १९९९ साल उजाडलं, अनेक मतदानं हरल्यानंतर. थोड्याशा फरकाने जिंकलेल्या त्या मतदानानंतर गिरणी जेमतेम चार वर्षं चालली.

गिरणी का गेली

पिलोटेक्सने १९९७ मध्ये मोठं कर्ज काढून फील्डक्रेस्ट कॅनन घेतली. ते कर्ज कधीच पेललं नाही. नोव्हेंबर २००० मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, मे २००२ मध्ये त्यातून बाहेर आली आणि पुढच्या वर्षी संपली. त्याच काळात चीन, भारत, पाकिस्तान इथून येणारे टॉवेल आणि चादरी अमेरिकन दुकानांत वाढत होत्या. कापडाच्या आयातीवरचे कोटे १९९५ ते २००४ या दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने उठायचे ठरले होते. १ जानेवारी २००५ ला ते पूर्ण जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या दुकानसाखळ्या दर पाडून मागत होत्या, कारण त्यांना तोच माल बाहेरून स्वस्त मिळत होता.

मग नोकऱ्या कशाने गेल्या, कर्जाने की आयातीने? दोन्हींनी. कामगाराच्या मदतीच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न जिवाचा असतो, आणि इथे अमेरिकन कायद्याचा इतिहास बोलका आहे. १९६२ साली केनेडी प्रशासनाने हा कायदा आणला, तेव्हा अट अशी होती की आयात शुल्कातल्या सवलतींमुळे आयात वाढली आणि त्या आयातीमुळेच मुख्यतः काम गेलं हे सिद्ध व्हावं. ही अट इतकी कडक होती की १९६९ पर्यंत एकाही कामगार गटाचा अर्ज मंजूर झाला नाही. सात वर्षं कायदा होता, मदत नव्हती. १९७४ च्या कायद्याने ती अट सैल केली. आयातीचा ‘महत्त्वाचा वाटा’ असला तरी पुरे. तो बाकी कारणांपेक्षा मोठा असायला हवा असं नाही. या एका बदलामुळेच पिलोटेक्ससारख्या, कर्जात बुडालेल्या कंपनीच्या कामगारांनाही दार उघडलं. कल्याणकारी कायद्यात पुराव्याचं ओझं कुणाच्या खांद्यावर आणि किती, यावर सगळं ठरतं, असं मला ठामपणे वाटतं.

तरी दार सगळ्यांना उघडं नव्हतं. २००२ च्या कायद्यात ‘वस्तू’ बनवणारे कामगारच बसत. कनेटिकटमधल्या ईस्ट हार्टफर्ड इथले कम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशनचे काही कर्मचारी याच काळात कोर्टात गेले. त्यांचं सॉफ्टवेअरचं काम भारतात गेलं होतं आणि श्रम खात्याचं म्हणणं होतं की सॉफ्टवेअर ही वस्तू नव्हे. कोर्टाने प्रकरण खात्याकडे परत पाठवलं आणि २००६ मध्ये खात्याला धोरण बदलावं लागलं. सेवाक्षेत्रातले कामगार कायद्यात स्पष्टपणे आले ते २००९ मध्ये.

कागदावर काय होतं

अर्ज करायला तीन कामगार एकत्र आले तरी पुरे. युनियन, मालक किंवा राज्याचं खातंही करू शकत होतं. श्रम खात्याने ४० दिवसांत निर्णय द्यायचा. एकदा गट मंजूर झाला की त्यातला प्रत्येक जण हकदार.

मंजुरीनंतर आधी २६ आठवडे राज्याचा नेहमीचा बेकारभत्ता. तो संपल्यावर टीएएचा भत्ता, रक्कम तेवढीच, म्हणजे पूर्वीच्या पगाराच्या साधारण निम्मी. प्रशिक्षणात असाल तर सगळं मिळून १०४ आठवडे, आणि शालेय शिक्षण अपुरं असल्याने आधी ते भरून काढावं लागणार असेल तर आणखी २६. एकूण १३० आठवडे, म्हणजे अडीच वर्षं. कॉलेजची फी, पुस्तकं, काही प्रमाणात प्रवासखर्च सरकार देणार. काम शोधायला दुसऱ्या गावी जायचं असेल तर त्याचा काही खर्च मिळणार. शिवाय आरोग्य विम्याच्या हप्त्याचे ६५ टक्के सरकार भरणार.

इतकी मदत सामान्य बेकाराला अमेरिकेत मिळत नाही. त्यामुळे टीएएवर नेहमी आक्षेप असतो की कारखाना यंत्रांमुळे बंद पडला तर कामगाराला २६ आठवडे आणि आयातीमुळे पडला तर १३०, हा कुठला न्याय? आक्षेप वजनदार आहे. पण व्यापार खुला करण्याचा निर्णय सरकारने सगळ्या देशाच्या फायद्यासाठी जाणूनबुजून घेतलेला असतो. त्याची किंमत एका गावाने भरायची आणि स्वस्त चादरी सगळ्यांनी वापरायच्या, हे चालणार नाही. भरपाईचा हक्क तिथूनच येतो.

पहिली ठेच: विमा

अमेरिकेत आरोग्य विमा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तरी स्वतः पूर्ण हप्ता भरून कंपनीच्या सामूहिक विम्यात काही महिने राहता येतं, असा तिथे कायदा आहे. पण कंपनीने विम्याची योजनाच बंद केली तर राहायचं कशात? पिलोटेक्स संपली, तशी तिची योजनाही संपली. मधुमेह, रक्तदाब, सुतगिरणीत आयुष्य काढलेल्यांना होणारे फुप्फुसांचे विकार असलेली पन्नाशीतली माणसं एका आठवड्यात विम्याविना झाली.

हप्त्याच्या ६५ टक्क्यांची सवलत नेमकी यासाठीच होती. दर महिन्याला ती थेट विमा कंपनीला पोचवायची व्यवस्थाही ऑगस्ट २००३ मध्येच सुरू झाली. पण उरलेले ३५ टक्के दरमहा कामगाराने भरायचे होते, तेही निम्म्या पगाराच्या भत्त्यातून. घरभाडं, गाडीचा हप्ता, वीज यांतून हे ३५ टक्के काढणं अनेकांना जमलं नाही. देशभरातही या सवलतीचा लाभ पात्र लोकांपैकी थोड्यांनीच घेतला. सवलतीत टक्का ठरवताना ‘हा माणूस आता किती भरू शकतो’ हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. कुणी तो विचारलेला दिसत नाही.

केंद्र सरकारने तातडीचं अनुदानही दिलं, सुमारे २ कोटी डॉलर. श्रममंत्री इलेन चाओ यांच्या खात्याचा हा निधी होता आणि त्यातला काही भाग विम्याची मधली खिंड भरून काढायला होता. टीएएची चौकट अपुरी पडली आणि बाहेरून ठिगळ लावावं लागलं, असा याचा सरळ अर्थ होतो.

घड्याळ

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते ती मुदतींची गोष्ट. भत्ता चालू ठेवायचा तर ठरावीक मुदतीत प्रशिक्षणाला नाव नोंदवायचं: काम गेल्यापासून १६ आठवडे किंवा मंजुरीपासून ८ आठवडे, यांतली जी तारीख नंतर येईल ती. काही कारणांसाठी सूट मागता येत असे, पण तीही लेखी, आणि वेळेत.

३० जुलैपासून १६ आठवडे मोजले तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध येतो. तिथल्या कम्युनिटी कॉलेजचं एक सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं, दुसरं जानेवारीत. म्हणजे गिरणी बंद झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत निर्णय घेऊन ऑगस्टच्या सत्रात शिरा, नाहीतर मुदत आणि सत्र यांच्यामधल्या फटीत अडका. या दोन-तीन आठवड्यांत माणसाने काय करायचं? बेकारभत्त्याची रांग, विम्याची रांग, टीएएच्या माहितीसभा, बँकेशी बोलणं, आणि मनावरचा घाव. त्यातच ठरवायचं की उरलेल्या आयुष्यात आपण नर्सिंग सहायक होणार, एसी दुरुस्त करणार की कार्यालयात संगणकावर बसणार.

रोवन-कॅबारस कम्युनिटी कॉलेजवर हा सगळा भार आला. हजारो प्रौढ माणसं, त्यांतल्या अनेकांकडे शाळा पूर्ण केल्याचा दाखला नाही, काहींना इंग्रजी नीट येत नाही. कॉलेजच्या लोकांनी जीव तोडून काम केलं. वर्ग वाढवले, शिक्षक शोधले. पण गणित कसं जमणार? आठवी-नववीत शाळा सोडून तीस वर्षं झालेल्या माणसाला शाळासमकक्ष परीक्षा द्यायला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. त्यानंतर दोन वर्षांची पदविका. १३० आठवड्यांत हे बसत नाही, कारण त्या आठवड्यांतले पहिले २६ तर नेहमीच्या बेकारभत्त्याचेच धरलेले. मग लोकांनी बसेल ते घेतलं: छोटे अभ्यासक्रम, प्रमाणपत्रं. कुणी शाळासमकक्ष परीक्षा पास झालं आणि तिथेच भत्ता संपला. पन्नाशीत ती परीक्षा पास होणं ही मोठी गोष्ट आहे, तिचा त्यांना अभिमान वाटला असणार आणि वाटायलाच हवा. पण त्या प्रमाणपत्रावर ताशी ११-१२ डॉलरची गिरणीतली नोकरी परत मिळत नव्हती.

शिवाय अडीच वर्षं निम्म्या पगारावर शिकत बसणं कुणाला परवडतं? ज्याच्या घरात दुसरी कमाई आहे त्याला. कॅनापोलिसमध्ये अनेक घरांत नवरा-बायको दोघंही त्याच गिरणीत होते. दोघांचंही काम एकाच दिवशी गेलं. अशा घरातल्या माणसाने मिळेल ते पहिलं काम धरलं, गोदामात, दुकानात, कमी पगारावर आणि बहुतेकदा विम्याविना. त्याने कॉलेज सोडलं म्हणून त्याला आळशी ठरवणारी टीका तेव्हाही झाली असेल, आजही होते. मला ती अन्यायाची वाटते.

आणखी एक बाब सहसा नजरेआड होते. भत्ता हा हक्क होता, पण प्रशिक्षणाच्या पैशाला सगळ्या देशासाठी मिळून वर्षाला २२ कोटी डॉलरची मर्यादा होती आणि तो राज्याराज्यांत वाटला जाई. त्या वर्षांत उत्तर कॅरोलायनात कापड आणि फर्निचर दोन्ही धंदे ढासळत होते, म्हणजे गरज वाढत होती ती नेमकी अशाच राज्यांत.

वयस्कांसाठीची वाट

२००२ च्या कायद्यात पन्नाशीच्या पुढच्यांसाठी एक वेगळी तरतूद होती, तिला वेतन विमा म्हणता येईल. नवं काम कमी पगाराचं मिळालं, तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा निम्मा भाग सरकार दोन वर्षं देणार, एकूण १०,००० डॉलरपर्यंत. नवा पगार वर्षाला ५०,००० च्या आत हवा. ही सोय ६ ऑगस्ट २००३ पासून लागू झाली, गिरणी बंद झाल्यावर आठवड्याने, आणि तीही त्या तारखेपासून पुढे दाखल झालेल्या अर्जांनाच.

कल्पना उत्तम. पंचावन्न वर्षांच्या विणकराला नवा धंदा शिकवण्यापेक्षा त्याच्या घटलेल्या पगारात भर घालणं जास्त माणुसकीचं आणि बहुधा जास्त स्वस्तही. पण अट अशी की काम गेल्यापासून २६ आठवड्यांत नवी नोकरी मिळायला हवी, आणि हा लाभ घेतला की टीएएचं प्रशिक्षण सोडायचं. ज्या दोन काउंट्यांत चार हजारांवर माणसं एकाच वेळी काम शोधत आहेत, तिथे सहा महिन्यांत पन्नाशीतल्या माणसाला नोकरी मिळणार कशी? ही अट सुस्थितीतल्या शहरासाठी ठीक होती. गिरणीच्या गावात तिने चांगल्या तरतुदीची धार घालवली. पुढे सरकारी आकडेवारी वापरून झालेल्या अभ्यासात वेतन विमा मिळालेले कामगार लवकर कामाला लागले आणि त्यांची एकूण कमाईही वाढली असं दिसलं, म्हणून ही हळहळ जास्त.

उपयोग झाला का

श्रम खात्याने २००२ च्या कायद्याखालच्या कामगारांचा देशभर अभ्यास करवला, तो मॅथेमॅटिका या संस्थेने २०१२ मध्ये पूर्ण केला. चार वर्षांनंतरही टीएए घेतलेल्यांची कमाई, तशाच पण टीएए न घेतलेल्या बेकारांपेक्षा कमीच होती. वयस्क कामगारांचं नुकसान जास्त होतं. ज्यांनी शिकलेल्या धंद्यातच काम मिळवलं, त्यांचं बरं झालं.

नंतर बेंजामिन हायमन या अर्थतज्ज्ञाने वेगळ्या पद्धतीने तपासलं. अर्ज कोणत्या अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो हे जवळजवळ योगायोगाने ठरतं आणि काही अधिकारी इतरांपेक्षा उदार असतात, या गोष्टीचा त्याने उपयोग केला. त्याच्या हिशेबात मंजुरी मिळालेल्यांनी दहा वर्षांत एकूण सुमारे ५०,००० डॉलर जास्त कमावले, मात्र वर्षागणिक हा फायदा ओसरत गेला. असे कामगार धंदा आणि ठिकाण दोन्ही बदलण्याची शक्यताही जास्त होती.

दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडतात असं वरवर वाटतं, पण कॅनापोलिसकडे पाहिलं की दोन्ही पटतात. तीस वर्षांची, शाळा पूर्ण केलेली, शार्लटसारख्या जवळच्या शहरात जायला तयार असलेली व्यक्ती टीएएमुळे उभी राहू शकते. पंचावन्न वर्षांची, शाळा सुटलेली, गिरणीनेच विकलेल्या छोट्या घरात राहणारी, म्हाताऱ्या आईची जबाबदारी असलेली व्यक्ती नाही. अशा माणसांपैकी कितीतरी जण शेवटी अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनावर गेले असावेत असं मानायला जागा आहे. चिनी आयातीचा फटका बसलेल्या अमेरिकन भागांवर डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी २०१३ मध्ये जे संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात टीएएवरच्या वाढीव खर्चापेक्षा अपंगत्व आणि वैद्यकीय मदतीवरचा वाढीव खर्च कितीतरी पट निघाला. सरकारने पैसा वाचवला नाहीच. तो कामगाराने हात टेकल्यानंतर दुसऱ्या खात्यातून दिला.

गिरणीच्या जागेवर पुढे डेव्हिड मर्डॉकच परतले. त्यांनी ती जागा विकत घेतली, इमारती पाडल्या गेल्या आणि तिथे उत्तर कॅरोलायना संशोधन संकुल उभं राहिलं. आहारशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळा आल्या. गावाचं नाव टिकलं, पण विणकराला तिथे काम नव्हतं.

तोच टॉवेल, आपल्याकडे

पिलोटेक्सचे ब्रँड मात्र जिवंत राहिले. २००७ मध्ये आयकॉनिक्स या कंपनीने ते घेतले आणि ‘फील्डक्रेस्ट’ हे नाव टार्गेट या दुकानसाखळीत चालू राहिलं. २०१६ मध्ये त्याच नावाच्या चादरींवरून मोठा वाद झाला: इजिप्शियन कापूस म्हणून विकलेल्या चादरींत दुसराच कापूस निघाला आणि टार्गेटने पुरवठादाराशी संबंध तोडले. तो पुरवठादार मुंबईत मुख्यालय असलेला वेलस्पन समूह होता. म्हणजे कॅनापोलिसच्या कंपनीचं नाव भारतात विणलेल्या चादरीवर आलं होतं. तिकडे गेलेल्या कामाचा काही भाग आपल्याकडे आला, हे मान्य करूनच ही गोष्ट वाचली पाहिजे.

मग बाण उलट फिरला. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा टॉवेल आणि चादरी निर्यात करणाऱ्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला. आपल्याकडे सोलापूरचे टॉवेलवाले त्यात होते. टीएएसारखी योजना भारतात कधीच नव्हती. गिरण्या बंद पडू लागल्यावर १९८६ मध्ये केंद्राने वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी आणला. त्यात पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत होती. कल्पना म्हणून ती वाईट नव्हती, उतरत्या क्रमाने का होईना तीन वर्षं आधार देणारी होती. ती योजनाही आता स्वतंत्रपणे उरलेली नाही. कर्मचारी राज्य विम्याखालची अटल योजना ९० दिवसांपर्यंत वेतनाच्या निम्मा भत्ता देते, पण त्यासाठी आधी विम्यात नाव असावं लागतं, आणि यंत्रमागावरच्या कितीतरी कामगारांचं नाव कुठल्याच रजिस्टरवर नसतं. नव्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे: कपात झालेल्या कामगारामागे मालकाने शेवटच्या १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरायची आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. १३० आठवडेही जिथे पुरले नाहीत, तिथे १५ दिवसांच्या पगारात कुणी कोणतं कौशल्य शिकावं अशी अपेक्षा आहे?

अमेरिकेतली टीएएही आज थांबलेली आहे. कायद्याची मुदत संपली आणि १ जुलै २०२२ पासून श्रम खात्याला नवे अर्ज मंजूर करता येत नाहीत. तेव्हापासून आयातीमुळे काम गेलेल्या तिथल्या कामगारांना नेहमीचे २६ किंवा त्याहून कमी आठवडे मिळतात. उत्तर कॅरोलायनात तर २०१३ च्या कायद्यानंतर ती कमाल मर्यादा बेकारीच्या दरानुसार १२ ते २० आठवड्यांवर आली आहे.